अकारविल्हे लावलेला देश

2005 साली स्वीडनमध्ये छायाचित्रांचं एक पुस्तक निघालं. नाव होतं 'स्वेरिये', म्हणजे स्वीडन. देशाच्याच नावाचं फोटोंचं पुस्तक म्हटलं की आत काय असणार याचा अंदाज आपण उघडण्याआधीच बांधून मोकळे होतो: ध्रुवीय प्रकाशाचं आकाश, सरोवरं, लाकडी घरं, स्टॉकहोमच्या जुन्या गल्ल्या. या पुस्तकात त्या प्रसिद्ध दृश्यांची मिरवणूक नाही. पानावर एक लहानसा चौकोनी कृष्णधवल फोटो, त्याच्या भोवती भरपूर कोरी जागा आणि गावाचं नाव, एवढंच. फोटोत कुठे घराची आडभिंत, कुठे कुंपण, कुठे विजेचा खांब आणि त्यामागचं उघडं आवार. माणूस जवळजवळ नाहीच. पान उलटलं की दुसरं गाव. गावांचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे लावलेला नाही, लहानमोठेपणावर नाही आणि ऋतूंप्रमाणेही नाही. तो अकारविल्हे आहे.

हे पुस्तक जेरी योहान्सन यांचं. स्वीडनमधल्या 'जागा' टिपणाऱ्या छायाचित्रकारांत त्यांचं नाव आज फार आदरानं घेतलं जातं. त्यांच्या कामाबद्दल सांगायचं तर त्या अकारविल्हे क्रमापासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्यांची सगळी भूमिका त्यात आहे. देशात कुठलं गाव आधी आणि कुठलं नंतर, कुठलं दाखवण्याजोगं आणि कुठलं नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलाच नाही. तो वर्णमालेकडे सोपवला. राजधानी असो की शंभर उंबऱ्यांची वस्ती, प्रत्येकाला चौकोन तेवढाच.

योहान्सन यांचा जन्म 1945 चा, मध्य स्वीडनमधल्या ओरेब्रो शहरातला. आपल्याकडे ओरेब्रो हे नाव कुणाला ठाऊक नसेल, पण या जिल्ह्यातल्या कार्ल्सकोगा गावच्या एका कारखान्याचं नाव 1980 च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात होतं. तो कारखाना बोफोर्सचा. योहान्सन यांच्या छायाचित्रांमधला स्वीडन हा बराचसा असाच आहे: जंगलाच्या कडेला एक कारखाना, त्याच्या जिवावर वसलेलं गाव, कामगारांची नेटकी घरं आणि सरळ रस्ते. तो पाहायला परदेशी पाहुणे येत नाहीत.

त्यांचं शिक्षण गोथेनबर्गमध्ये झालं, आणि ते ग्राफिक डिझाइनचं. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे त्यांनी डिझायनर म्हणून पुस्तकांची कामं केली, प्रकाशनाच्या व्यवसायातही हात घातला, आणि स्वतःच्या छायाचित्रांची पुस्तकंही स्वतःच मांडली. बहुतेक छायाचित्रकारांच्या बाबतीत फोटो आधी असतो, प्रदर्शन होतं, आणि जमलं तर पुढे पुस्तक निघतं. योहान्सन यांच्या बाबतीत पुस्तक हेच खरं काम आहे. भिंतीवर टांगलेला त्यांचा एकटा फोटो बरेचदा मुका वाटतो. त्याच्या आधी दहा आणि नंतर दहा फोटो आले की तो बोलायला लागतो. फोटो पानावर किती मोठा छापायचा, त्याच्या चारी बाजूंना किती मोकळं सोडायचं, हे ठरवणारी नजर डिझायनरची आहे.

चौकोनाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मध्यम आकाराच्या फिल्मची पट्टी सुमारे सहा सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर सहा बाय सहाची चौकोनी चित्रं घेतली तर एका रोलमध्ये बारा बसतात. गोथेनबर्गच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी 1948 मध्ये बाजारात आणलेला कॅमेरा याच चौकोनाचा होता. चंद्रावर माणूस उतरला तेव्हाची प्रसिद्ध छायाचित्रंही हॅसलब्लाडनेच काढलेली आहेत. त्यामुळे स्वीडनमधल्या छायाचित्रकारांना चौकोन परका नव्हता. पण निसर्गदृश्य काढायला तो अवघड आकार आहे. आडवी चौकट असली की क्षितिज आपोआप पसरतं आणि डोळा डावीकडून उजवीकडे सहज फिरतो. चौकोन ती मोकळीक देत नाही. त्याला चारही कडा सारख्याच. त्यामुळे समोर जे काही आहे ते त्या चार भिंतींच्या आत नीट बसवावं लागतं, खांब कुठे येतो, छपराची तिरकी रेघ कोणत्या कोपऱ्याकडे जाते, झाडाची फांदी खिडकीला खेटते की सुटून राहते. जराही ढिलाई झाली की चित्र विस्कटतं.

योहान्सन यांच्या एखाद्या फोटोवर खरोखर वेळ घालवला की ही बांधणी दिसायला लागते. पहिल्या नजरेत काय दिसतं? रस्त्याकडेचं एक घर. मग लक्षात येतं की कुंपणाची वरची कड आणि मागच्या घराच्या छपराची कड एकाच पातळीत आणून ठेवली आहे, त्यामुळे जवळचं आणि लांबचं एकाच पडद्यावर आल्यासारखं झालंय. दिव्याच्या खांबाने चौकोनाचे दोन भाग केलेत, पण बरोबर मधोमध नाही. सावली भिंतीवर पडून दुसरंच एक झाड उभं राहिलंय. पुढपासून मागपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट आहे. पार्श्वभूमी धूसर करून एकाच वस्तूला उठाव देण्याची युक्ती इथे नाही, त्यामुळे गटाराच्या झाकणालाही घराइतकंच स्थान मिळतं. डोळ्याला काय आधी पाहावं याचा हुकूम मिळत नाही. तो फिरत राहतो.

आणि रंग नाही. रंग असता तर लाल गाडी किंवा पिवळी पाटी यांनी पहिला मान पटकावला असता. काळ्या-पांढऱ्यात सगळ्यांना आपापली करड्याची छटा मिळते, आणि योहान्सन यांच्या प्रिंटमध्ये या करड्या छटांची जेवढी श्रीमंती आहे तेवढी फार थोड्या लोकांकडे सापडते. हे प्रिंट ते स्वतः डार्करूममध्ये करत आले. डार्करूममध्ये काम केलेल्यांना हे कष्ट ठाऊक आहेत. एनलार्जरखाली कागदावर काही सेकंद प्रकाश टाकायचा, कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा, तांबड्या दिव्यात चित्र उमटताना पाहायचं, मग ठरवायचं की बर्फ फारच कोरं गेलं की भिंतीतला पोत बुडाला, आणि पुन्हा नवा कागद घ्यायचा. एका निगेटिव्हवर असे कित्येक कागद खर्च होतात. एवढं करून शेवटी जो प्रिंट ठेवायचा तो हातात मावेल एवढाच. भिंतभर मोठे प्रिंट करण्याची लाट 1990 नंतर युरोपातल्या गॅलऱ्यांमध्ये जोरात होती. योहान्सन तिच्या वाटेला गेले नाहीत. लहान प्रिंट पाहायला माणसाला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलं की थांबावं लागतं.

स्वीडनमध्ये जागेचं छायाचित्रण तसं जुनं आहे. 1885 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या पर्यटन संघाने लोकांना स्वतःचा देश पाहायला शिकवलं, आणि संघासाठी कार्ल गुस्ताफ रोसेनबर्ग (1883–1957) यांनी गावोगावी फिरून हजारो फोटो काढले. त्यांचा देश सुंदर, टापटिपीचा, उन्हात न्हालेला. युद्धानंतर काळ बदलला. स्टॉकहोममधल्या क्लारा या जुन्या वस्तीतल्या शेकडो इमारती पाडून नवं व्यापारी केंद्र उभारायचं ठरलं, तेव्हा लेन्नार्ट आफ पेटर्सेन्स यांनी ती वस्ती पडण्याआधी कॅमेऱ्यात साठवली. उत्तरेत सूने योन्सन (1930–2009) यांनी उमेओच्या संग्रहालयात नोकरी करता करता वेस्टरबॉटन प्रांतातल्या छोट्या शेतकऱ्यांचं मावळतं जग टिपलं. 1993 चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच होता. स्टॉकहोममध्ये गुन्नार स्मोलियान्स्की (1933–2019) वर्षानुवर्षं त्याच त्या गल्ल्यांमधून चालत फोटो काढत राहिले.

या सगळ्यांच्या मागे एक मोठी घडामोड होती. 1965 ते 1974 या दहा वर्षांत स्वीडनच्या सरकारने दहा लाख घरं बांधण्याचा कार्यक्रम राबवला, तेही लोकसंख्या जेमतेम 80 लाख असताना. देशाचा चेहरा एका पिढीत पालटला. जुनं जातंय म्हणून ते टिपणारे छायाचित्रकार होते, नव्यावर संतापलेलेही होते. योहान्सन यांनी यातली कोणतीच बाजू घेतली नाही. त्यांच्या चौकोनात जुनं लाकडी घर आणि 1970 चं सिमेंटचं गॅरेज शेजारी शेजारी येतात आणि दोघांकडेही सारख्याच गांभीर्याने पाहिलं जातं.

ही दृष्टी त्यांच्या एकट्याची नव्हे. तिची मुळं अमेरिकेत आहेत. 1930 च्या दशकात वॉकर इव्हान्स यांनी लाकडी चर्च, दुकानांच्या पाट्या, रस्त्याकडेची घरं अगदी समोरून, कुठलाही आव न आणता टिपली होती. पुढे 1975 मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचं प्रदर्शन भरलं. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुईस बॉल्ट्झ, जर्मनीचे बेर्न्ड आणि हिला बेखर अशा दहा जणांचं काम त्यात होतं. विषय होता माणसाने बदलून टाकलेली जमीन: नव्या वसाहती, गोदामं, पार्किंगच्या जागा, पाण्याच्या टाक्या. त्या वेळी प्रेक्षक गोंधळले होते. आज छायाचित्रणाच्या इतिहासात ते प्रदर्शन मैलाचा दगड मानलं जातं.

योहान्सन यांनी अमेरिकेत बराच प्रवास केला, आणि 1998 मध्ये 'अमेरिका' हे पुस्तक आलं. परदेशी माणसाने अमेरिकेवर केलेल्या पुस्तकांत स्विस छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचं 'द अमेरिकन्स' सगळ्यांत गाजलेलं. त्यात अस्वस्थता आहे, राग आहे, माणसांचे चेहरे आहेत. योहान्सन यांचा सूर अगदी वेगळा. ते गावाच्या कडेला उभे राहून शांतपणे पाहतात. एका अर्थी हा देश स्वीडिश माणसाला परका नाहीच, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 पर्यंत सुमारे 13 लाख स्वीडिश लोक तिथे जाऊन वसले. कॅन्सस राज्यातलं लिंड्सबोर्ग हे गाव 1869 मध्ये त्यांनीच वसवलेलं.

'अमेरिका' आणि 'स्वेरिये' यांच्या जोडीला 2012 मध्ये तिसरं पुस्तक आलं, 'डॉइचलांड', लंडनच्या मॅक या प्रकाशनसंस्थेकडून. पुन्हा तोच लहान चौकोन, तीच वर्णमाला. पण जर्मनीत या क्रमाला वेगळंच वजन येतं. 1990 पर्यंत हा देश पूर्व आणि पश्चिम असा चिरलेला होता. अकारविल्हे लावलं की पूर्वेचं गाव आणि पश्चिमेचं गाव समोरासमोरच्या पानांवर येऊन बसतात, आणि कुठलं कुठलं हे सांगायला गावाच्या नावापलीकडे काहीच नसतं. वाचक मग घराच्या गिलाव्यावरून, कुंपणाच्या जाळीवरून, रस्त्याच्या फरशीवरून अंदाज बांधू लागतो. कधी बरोबर येतो, कधी चुकतो. फाळणीवर एकही शब्द न लिहिता या पुस्तकाने तिच्याबद्दल विचार करायला लावलं आहे, आणि माझ्या मते तिन्हींत ते सर्वांत जमलेलं आहे.

एकेकाच गावावर केलेली त्यांची पुस्तकं मात्र वेगळ्या जातीची. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातल्या होगानेस या गावी योहान्सन यांचं घर. तिथून फार लांब नसलेलं क्विदिंगे हे गाव त्यांनी 2007 च्या पुस्तकासाठी निवडलं. रेल्वे, थोडी दुकानं, एकमजली घरं, मेंदीसारख्या झुडपांची कापलेली कुंपणं. पण इतिहासात या गावाचं नाव एकदा मोठ्याने घेतलं गेलं आहे. 28 मे 1810 रोजी इथल्या माळावर लष्करी कवायत चालू असताना युवराज कार्ल आउगुस्ट घोड्यावरून कोसळले आणि मरण पावले. विषप्रयोगाची अफवा उठली. तीन आठवड्यांनी, अंत्ययात्रेच्या दिवशी, स्टॉकहोमच्या जमावाने राज्याचे मोठे अधिकारी आक्सेल फॉन फेर्सेन यांना भर रस्त्यात ठार मारलं. गादीला वारस हवा म्हणून नेपोलियनचा सेनानी बेर्नादोत याला बोलावण्यात आलं, आणि त्याचाच वंश आजही स्वीडनच्या गादीवर आहे. दुसऱ्या कुणी क्विदिंगेवर पुस्तक केलं असतं तर सगळं या घटनेभोवती रचलं असतं. योहान्सन यांना रस आहे तो आजच्या अंगणांत.

2011 चं 'पॉन्टिअ‍ॅक' हे पुस्तक समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. मिशिगन राज्यात डेट्रॉइटपासून सुमारे 50 किलोमीटरवर हे शहर आहे. जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर ते वाढलं, आणि कंपनीच्या गाड्यांच्या एका ब्रँडला त्याचंच नाव होतं. 2009 च्या जूनमध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पॉन्टिअ‍ॅक हा ब्रँड बंद करण्याचा निर्णय आधीच झाला होता, 2010 मध्ये तो नावानिशी संपला. शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि कारभार राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. साडेपाच कोटी डॉलरहून अधिक खर्चून 1970 च्या दशकात बांधलेलं, 80 हजार प्रेक्षक मावणारं सिल्व्हरडोम स्टेडियम 2009 मध्ये लिलावात 5 लाख 83 हजार डॉलरना विकलं गेलं. फुटबॉलच्या 1994 च्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले होते.

त्या काळात डेट्रॉइट परिसरात छायाचित्रकारांची रीघ लागली होती. कोसळलेली नाट्यगृहं, शेवाळलेले दिवाणखाने, छत फाटलेले कारखाने यांचे भव्य रंगीत फोटो 2010 मध्ये एकाहून अधिक जाडजूड पुस्तकांतून आले. चित्रं देखणी होती यात शंका नाही. तिथे राहणाऱ्यांना मात्र ती बोचली, आणि ते साहजिक होतं. ज्या शहरात माणसं रोज कामाला जातात, मुलं शाळेत जातात, त्याला नुसता मोडका वाडा करून टाकणं हा अन्यायच.

योहान्सन 2010 मध्ये पॉन्टिअ‍ॅकला गेले आणि गल्लीगल्लीतून फिरले. त्यांच्या फोटोंत पडझड लपवलेली नाही. फळ्या ठोकलेल्या खिडक्या आहेत, घर पाडून उरलेले गवताळ भूखंड आहेत. पण शेजारीच कुणीतरी नीट राखलेलं अंगण आहे, आणि ते अंगण फोटोच्या कडेला ढकललेलं नाही. भूखंड मोकळा झाल्यामुळे मागच्या घराची कधीच न दिसलेली बाजू उघडी पडते, आणि त्या उघड्या बाजूवरून समजतं की इथे आधी किती दाटीने घरं होती. उद्ध्वस्त झालेल्या गोष्टीची भव्यता दाखवण्यापेक्षा हे कितीतरी कठीण काम आहे. सिल्व्हरडोम 2017 मध्ये स्फोट घडवून पाडण्यात आलं. शहर बदलत चाललं आहे, आणि 2010 मध्ये तिथल्या साध्या रस्त्यांची अवस्था नेमकी काय होती हे पाहायचं असेल त्याला हे पुस्तक उघडावं लागेल.

पूर्व जर्मनीतल्या लुकेनवाल्ड या गावाची गोष्टही अशीच कारखान्याची. वास्तुरचनाकार एरिक मेंडेलसोन यांनी 1921 ते 1923 या काळात तिथे टोप्यांचा कारखाना बांधला. लोकर रंगवताना निघणारी विषारी वाफ बाहेर जावी म्हणून रंगशाळेवर त्यांनी एक उंच, कललेलं धुराडंवजा छप्पर चढवलं, आणि लांबून ते खरोखरच टोपीसारखं दिसायचं. मालक आणि वास्तुरचनाकार दोघेही ज्यू. 1933 नंतर कारखाना हातातून गेला, तिथे शस्त्रं बनू लागली, छप्पर उतरवलं गेलं. कम्युनिस्ट राजवटीत तो बॉलबेअरिंगचा कारखाना झाला. छप्पर पुन्हा बांधलं गेलं ते एकविसाव्या शतकाच्या तोंडावर. योहान्सन यांच्या पुस्तकात हा प्रसिद्ध कारखाना आहे आणि त्याच्या बरोबरीने गावही आहे. वास्तुकलेच्या पुस्तकांत ती इमारत नेहमी एकटीच उभी असते; इथे तिला शेजार मिळतो.

उलान बातोर, टोकियो, अंटार्क्टिका, जपानच्या शिकोकू बेटावरचा एहिमे प्रांत अशी पुढची यादी बरीच लांब आहे, आणि ती सगळी पुस्तकं सारख्याच ताकदीची आहेत असं नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्यांच्या पद्धतीला धरायला फारसं काही सापडत नाही असं वाटतं, कारण त्यांची नजर माणसाने हात लावलेल्या वस्तूंवर पोसलेली आहे. त्यांच्यावर आणखी एक आक्षेप घेतला जातो: माणसं कुठे आहेत? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. सूने योन्सन यांच्या फोटोतला शेतकरी आपल्याकडे पाहतो, त्याचं नाव आपल्याला कळतं, त्याचं आयुष्यही थोडंफार कळतं. योहान्सन यांच्या पुस्तकातून ती ओळख कधीच होत नाही. मात्र माणसाने लावलेलं कुलूप, त्याने अर्धवट रंगवलेली भिंत, बर्फातून दारापर्यंत उकरलेली वाट यांतून त्याच्या सवयी कळतात. ज्याला चेहराच हवा त्याची तहान यावर भागणार नाही, हे मान्य करायला हवं.

2018 मध्ये मॅकनेच 'अमेरिकन विंटर' प्रसिद्ध केलं. पहिल्या अमेरिकन पुस्तकाला वीस वर्षं झाली होती. या वेळी कॅन्सस, नेब्रास्का, दोन्ही डाकोटा अशा मधल्या सपाट राज्यांतली छोटी गावं, आणि तीही हिवाळ्यात. या प्रदेशात शेती यंत्रांवर गेली तशी माणसं कमी होत गेली आणि कित्येक परगण्यांची लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आज कमी आहे. धान्याची उंच कोठारं, बंद पडलेलं दुकान, रुंद रस्ता, त्यावर भुरभुरलेलं बर्फ. बर्फाने जमिनीचा तपशील पुसला जातो आणि इमारती कागदावर ठेवल्यासारख्या सुट्या सुट्या दिसतात. स्वीडनचा हिवाळा आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला हा प्रकाश ओळखीचाच असणार. आधीच्या अमेरिकेपेक्षा इथे फोटो अधिक रिकामे झालेत. चौकोन तोच, पण त्यात आता आकाशालाच जास्त जागा लागते.

ही पुस्तकं थोड्या प्रतींची असतात, चटकन संपतात आणि जुन्या आवृत्त्या महाग होतात. ज्याला कुठल्या ग्रंथालयात किंवा कुणा मित्राच्या कपाटात एखादी प्रत सापडेल, त्याने 'डॉइचलांड'पासून सुरुवात करावी आणि 'पॉन्टिअ‍ॅक' त्यानंतर हाती घ्यावं.